कपाळ झाकून बगा

माजं नाव अर्जुना. आमच्या जत तालुक्यात मेंढराचा सौदा अडला की लोक मला हाक मारत्यात. घेणारा म्हणतो माल मिसळ हाय, इकणारा म्हणतो अस्सल माडग्याळी हाय, आन् दोगं बी तोंड फिरवून बसल्यात. मग मी जायचं. येकदा बगायचं. नाक राघूच्या चोचीवाणी बाकदार हाय का, पाय उंच हायत का, अंगावर तांबूस डाग कसं पडल्यात, कान कसा लोंबतो. चहा निवायच्या आत मी बोलायचो, 'अस्सल' न्हाईतर 'मिसळ'. दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर माजी चाळीस वर्सं गेली. शाळा म्हणाल तर तिसरी, ती बी आर्धी. मास्तर चांगला हुता, पर मेंढरं त्येच्यापरास चांगली हुती.

चाळीस वर्सात मला कुणी 'कशावरनं' म्हणून इचारलं न्हाई. जमीन माज्यापरास लोकांकडं जास्त हाय, मेंढरं बी जास्त हायत. माज्याकडं माजा शब्द हुता. त्यो गेला तर मी बाजारात नुसता चहा प्यायला येणारा येक म्हातारा.

तर आमच्या गावात मिलिंद हाय. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर. मेंढरास्नी लस टोचायची, जखमा धुवायच्या, अडलेली मेंढी सोडवायची, समदं त्योच करतो. त्येची पोरगी नीलिमा सांगलीला कंप्युटर शिकती, शेवटच्या वर्साला. ती येक दिवस माज्याकडं आली आन् म्हणली, "मामा, तुमचं डोळं मला उसनं पायजेत."

"माजं मला तरी धड पुरत्यात का," मी म्हणलो. "कशाला पायजेत?"

तिनं सांगितलं ते असं. फोनला मेंढराचा फोटो दावायचा, आन् फोननं सांगायचं, अस्सल का मिसळ. मी म्हणलो, फोनला काय कळतंय. तर म्हणली, "आपण बारक्या लेकराला गाय कशी शिकवतो? गाय म्हणजे काय ते सांगत बसत न्हाई. ही गाय, ही म्हस, ही बी गाय, असं दावत ऱ्हातो. येक दिवस त्येचं त्येलाच कळतंय. फोनचं बी तसंच. मी दावत ऱ्हाणार. पर कुठलं काय ते मला कुणीतरी सांगाय पायजे की."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू, बरं बी वाटलं. माजा शब्द माज्या मागं फोनात ऱ्हाणार म्हणल्यावर कुणाला वाईट वाटंल?

तिनं तालुक्यातल्या मेंढपाळांस्नी निरोप धाडलं, फोटो पाठवा म्हणून. सहाशेवर फोटो आलं. देवळाच्या कट्ट्यावर आमी अकरा दिवस बसलो. ती फोटो दावायची, मी बोलायचो, ती टिपायची. अस्सल. मिसळ. मिसळ. अस्सल. माजी जीभ येकदा बी आडली न्हाई. मंग ती सांगलीला गेली, दोन महिन्यांनी आली, आन् म्हणली, "मामा, ज्ये फोटो त्येला आधी कधीच दावलं नव्हतं, त्यातलं शंभरात शहाण्णव त्यो तुमच्यावाणीच बोलतोय."

गावात पेढं वाटलं मिलिंदनं.

आठवड्याच्या बाजारात तिनं फोन काडला. मानसिंग व्यापारी हुता, पाच-पन्नास माणसं जमली हुती. फोन धरायचा, आन् त्यो बोलायचा, अस्सल, नव्वद टक्के. मिसळ, त्र्याऐंशी टक्के. लोक म्हणाय लागलं, आता म्हाताऱ्याला सुट्टी. मी चहाच्या गाड्यापाशी बाकड्यावर बसलो हुतो. हाक आली म्हणून मान वळवली, तवर नीलिमाचा फोन माज्याकडं वळला हुता. फोन बोलला, "अस्सल. अठ्ठ्याण्णव टक्के."

अख्खा बाजार हसला. मानसिंग तर खाली बसला हसून. "फोनला माणूस कळतंय गड्या," म्हणला. "आरं, मामाचं नाक बगा की. माडग्याळीच हाय. दोन पाय कमी पडल्यात नुसतं."

आता माजं नाक खरंच तसं हाय. मधी वर आन् टोकाला खाली. बायको लग्नात त्येच बघून रडली हुती म्हणत्यात. म्हणून मानसिंगचं म्हणणं समद्यांस्नी पटलं. फोननं नाक वळखलं. मेंढराचं बी नाकच बगायचं असतंय, म्हणजे फोन लय हुशार. मला बी पटलं.

नीलिमा तेवडी हसली न्हाई. फोनकडं बघत हुबी ऱ्हायली.

सांजच्याला मिलिंदच्या अंगणात गेलो तर ती तशीच बसलेली. मी म्हणलो, "आगं, नाकच हाय ते. झालं की."

"नाक असंल बी," ती म्हणली. "पर मामा, ह्ये आपल्याला लय लवकर पटलं. मला त्येचंच भ्या वाटतंय."

"पटलं तर भ्या कशाचं?"

"नाक नसंल आन् दुसरंच कायतरी असंल, तर ते कसं कळायचं? नाक झाका बगू."

मी टॉवेल नाकावर गुंडाळला. फोन बोलला, अस्सल, सत्त्याण्णव. येक टक्का कमी झाला, तेवडाच नाकाला मान.

मिलिंद म्हणला, "मग पटका असंल." पटका काडला. अस्सल. पटका परत बांदला, मिशी असंल म्हणून तोंड समदं झाकलं, डोळं आन् कपाळ तेवडं उगडं. अस्सल. नीलिमा येका येळी येकच गोष्ट बदलत हुती. मी घाईनं पटका आन् टॉवेल दोन्ही काडाय लागलो तर वराडली, "आवं मामा, दोन्ही येकदम काडलं आन् फोन अस्सल बोलायचा थांबला, तर कशानं थांबला ते कुणाला इचारायचं?"

मग तिची नजर माज्या कपाळावर गेली. कपाळाला बिरोबाचा भंडारा. आमच्यात सकाळी आंघोळ झाली की पयला भंडारा, मग चहा.

"मामा, तेवडं पुसता का?"

"देवाचा भंडारा फोनसाठी पुसू? मेंढरू म्हणव मला, पर ह्ये सांगू नको."

ती आत गेली, घरातली हळद वाटीत घिऊन आली आन् बापाच्या कपाळाला बोटभर लावली. मिलिंदचं नाक बसकं, आमच्या हितल्या समद्या नाकांत बसकं. घटकंमागं फोन त्येला मिसळ म्हणला हुता. आता बोलला, अस्सल, पंच्याण्णव.

मिलिंद म्हणला, "बरं झालं, जात बदलली." आमी हसलो, पर पोरगी उटली हुती. दारात दवाखान्याची मोटरसायकल हुती. दिव्यावर हळद लावली. अस्सल, ब्याण्णव. मी माज्या वाघरीतनं, म्हंजे जाळीच्या कुंपणातनं, घरचा मेंढा आणला, ज्येच्या सात पिढ्या मी सांगतो. त्येचं कपाळ पाण्यानं धुतलं. फोन बोलला, मिसळ.

मग माज्या डोक्यात उजेड पडला, आन् मीच सांगितलं तिला. आमच्याकडं चांगल्या मेंढ्याचा फोटो काडायचा म्हणलं की मालक आधी देवळात जातो, भंडारा आणतो, मेंढ्याच्या कपाळाला भरतो. नजर लागू नये म्हणून. मिसळ मेंढीला कोण भंडारा लावतंय? तिला नजर लावणार तरी कोण? सहाशे फोटोंत ज्ये चांगलं ते पिवळं, आन् ज्ये पिवळं ते चांगलं. फोननं मेंढरू बगितलंच न्हाई. कशाला बगंल? आपण त्येला सोपी खूण आयती दिली हुती.

नीलिमाच्या डोळ्यात पाणी आलं. शहाण्णव गेलं तिचं. मी म्हणलो, "फोन गाढव निघाला, त्यात तू काय करणार." आन् घरी जाऊन चांगला जेवलो. फोन चुकला ह्येचा मला आनंद झाला हुता, ह्ये बी सांगतो. सुट्टी मिळायची टळली हुती माजी.

पुढच्या आठवड्यात ती मला सांगलीला घिऊन गेली. तिच्या मॅडमला मला भेटायचं हुतं. संयोगिता मॅडम. वयानं लहानच, माज्या सुनंयेवडी. खोली गार, खुर्च्यांस्नी चाकं. मी बसलो तर खुर्ची मागं पळाली.

मॅडमनं चहा दिला. नीलिमानं भंडाऱ्याचं समदं सांगितलं. मला वाटलं आता रागावत्यात. तर बाईंचा चेहरा फुलला. म्हणल्या, "नीलिमा, शहाण्णव टक्के आणणारे मला दर वर्षी दहा जण भेटतात. ते शहाण्णव कशाचे, हे शोधणारं कधीतरी एखादं." मंग माज्याकडं वळल्या. "मामा, एक विचारू? हे सहाशे फोटो, यातले अस्सल कुठले आणि मिसळ कुठले, हे ठरवलं कुणी?"

"मी," मी म्हणलो.

"आणि तुम्ही बरोबर, हे ठरवलं कुणी?"

चाळीस वर्सात पयल्यांदा. मी चहाचा कप खाली ठिवला. म्हणलो, "बाई, आमच्याकडं असं इचारत न्हाईत."

"माहीत आहे," त्या म्हणल्या. "म्हणूनच माफी मागून विचारते." त्यांनी संगणकावर येका मेंढ्याचा फोटो लावला. कपाळ पिवळं. मी लगेच म्हणलो, अस्सल. त्यांनी काय केलं, काचंवर मेंढ्याच्या कपाळावर आपला आंगठा ठिवला. "आता सांगा."

मेंढा त्योच, नाक त्येच, पाय त्येच. आन् माजी जीभ आडली. मला कळंना. नाक बाकदार दिसत हुतं, पर येवडं काय न्हवतं. कान बारका वाटाय लागला. मी म्हणलो, "फोटोत कळत न्हाई. जितं जनावर आणा."

"तेच म्हणते मी," मॅडम म्हणल्या. "जितं जनावर बघू या."

येताना यष्टीत मला राग आला हुता. पर रागाच्या खाली दुसरंच कायतरी वळवळत हुतं. मी खरंच काय बगतो? मी सांगतो नाक, कान, पाय, डाग. पर सांगतो तेच बगतो का? कवठेमहांकाळ मागं पडलं तरी माजं डोकं त्या आंगठ्याखालीच हुतं. जत आलं, उतरलो, आन् मीच म्हणलो, "पोरी, कशी घ्यायची परीक्षा?"

तिनं रीत सांगितली. मला ठावं नसलेली खांड, म्हंजे मेंढरांचा कळप पायजे, आन् तिच्यातलं परत्येक जनावर कुणापासनं झालं ते पक्कं ठावं असलेलं माणूस पायजे.

मिलिंद म्हणला, "बनाक्का. मी तिच्याकडं लस टोचाय जातो. तिला परत्येक मेंढीची आजी ठावं हाय. समदी तिच्या हातावर जलमल्यात."

"तिची खांड मिसळ हाय," मी म्हणलो. "समद्यांस्नी ठावं हाय."

"समद्यांस्नी कुणी सांगितलं?" मिलिंदनं इचारलं.

मीच सांगितलं हुतं. चार वर्सामागं बनाक्कानं येक तरणा मेंढा बाजारात आणला हुता. नवरा गेलेला, येकटी बाई, मेंढा दोरीला धरून हुबी. मी बगितला, म्हणलो मिसळ. ती म्हणली, "दादा, निवांत बग." मी म्हणलो, बगितलं. ती मेंढा घिऊन घरी गेली. तवापास्नं तिच्या मेंढ्याकडं कुणी आपली मेंढी नेली न्हाई. तिच्या वाघरीचं नावच पडलं, मिसळीची वाघर.

बनाक्काच्या वस्तीवर गेलो. ती दगडावर बसून लोकर इचरत हुती. मिलिंदनं सांगितलं कशाला आलोय. तिनं माज्याकडं बगितलं न्हाई. नीलिमाला म्हणली, "म्हंजे ह्यो बोलणार, आन् मी सांगणार बरोबर का चूक?"

"व्हय आक्का."

"बसा," बनाक्का म्हणली. "चहा करते. न्हाई, चहा मागनं. आदी ह्ये."

वीस मेंढरं काडली. दहा अस्सल, दहा मिसळ. कुठली ते तिला येकटीला ठावं. नीलिमानं परत्येकापाशी नाणं उडवलं. छापा पडला की कपाळाला भंडारा, काटा पडला की कपाळ धुवायचं. बनाक्काला ते आवडलं न्हाई. ती कधीच बाजारच्या जनावराला भंडारा लावत न्हाई. "देव देवळात. बाजारात त्येला कशाला आणायचा?" पर पोरीनं हातापाया पडून मनवलं, देवाचा न्हाई, घरची हळद हाय म्हणून. मंग पोरगी म्हणली, आक्का, तुमी पाठ करून बसा, तुमच्या तोंडावरनं मामांस्नी कळायला नको.

"माज्याच वाघरीत मीच पाठ करून बसू?"

"तुमचं तोंड लय बोलतंय आक्का," मिलिंद म्हणला. ती बसली.

मला समदं सांगून ठिवलं हुतं. हळद नाण्यानं लावलीय, तिला काय अर्थ न्हाई. मी मनाला बजावलं, अर्जुना, कपाळाकडं बगायचं न्हाई. नाक, कान, पाय, डाग. बाजारात लागतो तेवडाच येळ घ्यायचा ठरलं. मिलिंद येकेक आणायचा, मी बोलायचो, नीलिमा लिवायची. अस्सल. मिसळ. अस्सल. मला वाटलं, झकास चाललंय. येकदा बी आडलो न्हाई. येक मोठा मेंढा आला, कपाळ वलं, धुतलेलं. मी म्हणलो, मिसळ. पुढं.

संपलं. बनाक्का वळली. नीलिमा येकेकाचं नाव घ्यायची, आक्का सांगायची. ही चिमणी, हिची आई मी माडग्याळ गावास्नं आणली, बाप घरचा. ही तांबडी, हिचा बाप वाटंवरनं गेलेल्या खांडीतला, कुंपण मोडून आला हुता मुडदा. असं वीस.

नीलिमानं बेरीज केली. "मामा, तेरा बरोबर. सात चुकल्या."

सात. मी म्हणलो, माणूस चुकतंय. ती म्हणली, "त्येचं काय न्हाई. पर ह्या सात बगा." मला वाचता येत न्हाई धड, म्हणून तिनं सात खडं मांडलं. चार जनावरं मिसळ हुती, त्यांस्नी मी अस्सल म्हणलो. चारींच्या कपाळाला हळद. तीन अस्सल हुती, त्यांस्नी मी मिसळ म्हणलो. तिन्ही धुतलेली. "नुसतं चुकला असता तर कवा हिकडं, कवा तिकडं चुकला असता. येक बी चूक उलटी न्हाई."

मला सांगून ठिवलेलं असताना. मी कपाळाकडं बगितलं नसताना. माजा डोळा माज्या नकळत गेला हुता तितं. त्या गाढव फोनचा मी मास्तर, आन् मास्तरच त्यातला.

बनाक्का उटली. धुतलेल्या तिनांतला त्यो मोठा मेंढा शिंगाला धरून माज्यापुढं आणला.

"वळखला का?"

मी न्हाई म्हणलो.

"ह्योच त्यो," ती म्हणली. "चार वर्सामागचा. दुसऱ्यांदा मिसळ म्हणलास त्येला."

मेंढा माज्या धोतराचा सोगा चघळाय लागला.

मी म्हणलो, "आक्का, त्या दिवशी बोलायचं हुतंस."

"बोलले की. निवांत बग म्हणले. आन् मला इचारलं कुणी, की ह्येची आई कुटली, बाप कुटला? तुमी समदं त्येच्या तोंडाकडं बगत हुता." तिनं मेंढ्याला सोडलं. "मी काय बगत न्हाई दादा. मला ठावं हाय. बगायची पाळी ज्येला ठावं न्हाई त्येच्यावर."

मंग तिनं चहा केला. लय कडू केला, का माजंच तोंड कडू हुतं ते सांगता येत न्हाई. पिऊन झाल्यावर मी म्हणलो, समद्यांची कपाळं धुवा, परत घ्या. मला कळाय पायजे हुतं, भंडारा काडून टाकला तर माज्या डोळ्याची काय किंमत उरती, का कायच उरत न्हाई. ती वीस आता बगून झाल्याली, म्हणून आक्कानं खांडीतली दुसरी वीस काडली. समदी धुतली, मी निवांत बगितली, परत्येकापुढं घोंगडं टाकून बसलो. सतरा बरोबर आली. म्हंजे डोळा हाय. पर वीसात तीन येळा आंधळा हाय, आन् कवा आंधळा झाला ते त्येचं त्येला कळत न्हाई.

निगताना नीलिमा म्हणली, "मामा, मी ह्ये सांगलीला लिवून देणार हाय. फोनचं बी आन् ह्ये बी. तुमचं नाव न्हाई घातलं तरी चालतंय. 'येक जाणकार' असं लिवते."

"जाणकार कशावरनं?" मी म्हणलो. "नाव घाल. गाव बी घाल."

मिलिंदला मात्र काळजी. म्हणला, सांगलीतलं सांगलीत ऱ्हाईल, हितं कशाला बोलताय. मानसिंगला कळलं तर त्यो घरीच आला. शहाणा माणूस हाय, वाईट न्हाई. म्हणला, "मामा, तुमी बाजारात तोंड उगडलं की चाळीस वर्साचं समदं सौदं लोक उकरून काडतील. ज्येला त्येला वाटंल, माजंच मेंढरू त्या सातातलं. तुमच्यावर समद्यांचा इस्वास हाय, त्येच्यावर बाजार चालतोय. खरं असंल नसंल, चालतोय न्हवं?"

त्येचं बी खोटं न्हवतं. मला दोन दिवस त्येचंच बरोबर वाटत हुतं. पर दोन्ही दिवस मी बनाक्काच्या वस्तीवर जाऊन त्या मेंढ्यापुढं बसलो. म्हणलं, आता मला ठावं हाय ह्यो अस्सल, तर आता तरी दिसंल. मी कुटं चुकलो ते सापडंल. नाक बगितलं आडवं, उभं. कान हातात घिऊन बगितला. चालवून बगितला. बनाक्का लोकर इचरत म्हणायची, "सापडलं का?" मी म्हणायचो, न्हाई. "बस मग," ती म्हणायची. माफ बिफ काय तिनं केलं न्हाई. दुसऱ्या दिवशी घोंगडं मात्र टाकलं बसायला.

बाजार भरला. मी चहाच्या गाड्यापाशी हुबा ऱ्हायलो आन् म्हणलो, आयका. बनाक्काच्या मेंढ्याला चार वर्सामागं मी मिसळ म्हणलो हुतो. त्यो अस्सल हाय. चूक माजी. मी वीसात सात येळा चुकतो, धुऊन आणलं तर तीन येळा. हितनं पुढं कपाळ धुतल्याशिवाय मी जनावर बगणार न्हाई, आन् बगितलं तरी त्येची आई बगितल्याशिवाय बोलणार न्हाई. आई न्हाई तर 'ठावं न्हाई' म्हणणार.

येक जण मागनं म्हणला, "मग तुमचा काय उपेग?" हसलं थोडं लोक. दोगं-तिगं उटून पलीकडं गेलं. तितं येक नवीन जाणकार बसतो हल्ली, त्यो कवाच चुकत न्हाई म्हणत्यात. मानसिंगनं कपाळाला हात लावला.

येक तरणा गडी पुढं आला. वीरधवल म्हणून, पलटणीतनं सुट्टीवर आल्याला. म्हणला, "मामा, बनाक्काचा मेंढा अस्सल, ह्ये तरी तुमी बगूनच सांगताय न्हवं?"

"न्हाई," मी म्हणलो. "दोन दिवस बगतोय. मला आजबी त्यो मिसळच दिसतोय."

"आन् तरी अस्सल म्हणताय?"

"त्येची आई बनाक्कानं आणली, बाप तिच्या वाघरीतला, आन् जलमला तवा ती तितं हुती. माज्या डोळ्याला ते दिसत न्हाई, ही माज्या डोळ्याची खोड."

वीरधवलच्या हातात दोरी हुती, दोरीला येक पिवळ्या कपाळाची मेंढी. त्येनं बाटलीतलं पाणी ओतून तिचं कपाळ धुतलं, टॉवेलानं पुसलं, आन् मेंढी माज्यापुढं केली.

मी निवांत बगितली. मंग बाकड्यावरनं उटलो.

"हिची आई कुटं हाय?"

"उमदीकडं, मावशीच्या वाड्यावर."

"चल," मी म्हणलो. "गाडी काड."